शास्त्रीय प्रश्न ऑनलाइन विचारताना: पहिला प्रतिप्रश्न यायच्या आत

‘माझं ॲनालिसिस चालत नाहीये, कृपया मदत करा. तातडीचं आहे.’ शास्त्रीय फोरमवर असे प्रश्न रोज पडतात आणि त्यांचं पुढे काय होतं तेही जवळपास ठरलेलं असतं. कुणीतरी सभ्यपणे विचारतं, ‘कोणतं ॲनालिसिस? एरर काय येते?’ तोवर विचारणारा झोपलेला असतो, कारण उत्तर देणारा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला बसलाय. दुसऱ्या दिवशी एररची एक ओळ चिकटवली जाते. त्यावर पुन्हा प्रश्न: ‘व्हर्जन कोणतं?’ असे दोन-तीन फेरे झाले की आठवडा संपत आलेला असतो आणि उत्तर देणाऱ्याचा उत्साहही.

इथे उत्तरं देणारी बहुतेक माणसं स्वतःचं काम सांभाळून, फुकट वेळ देत असतात. त्यांना तुमची घाई ठाऊक नसते आणि ती त्यांची जबाबदारीही नसते. म्हणून प्रश्न लिहून झाला की पाठवण्याआधी एक गोष्ट करायची. आपली प्रयोगशाळा, आपला संगणक, आपला विषय यांतलं काहीच माहीत नसलेला एखादा जाणकार हे वाचून पहिला प्रतिप्रश्न कोणता विचारेल, ते ओळखायचं आणि त्याचं उत्तर प्रश्नातच घालायचं. मग दुसरा प्रतिप्रश्न ओळखायचा. खाली जे सगळं येतं ते या एका सवयीचेच तपशील आहेत.

प्रश्न लांब हवा, असा मात्र याचा अर्थ नाही. २००७ साली हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिका ‘गॅलक्सी झू’ या प्रकल्पात हौसेने दीर्घिकांची छायाचित्रं वर्गीकृत करत होत्या. आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी त्यांना एक निळसर डाग दिसला आणि हे काय आहे, असं त्यांनी प्रकल्पाच्या फोरमवर विचारलं. खगोलशास्त्रज्ञांनाही ते लगेच सांगता आलं नाही. आज तो तापलेल्या, आयनीभूत वायूचा प्रचंड ढग म्हणून आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे हबल दुर्बिणीनेही त्याचं निरीक्षण केलं. इतका छोटा प्रश्न पुरला, कारण ज्याबद्दल विचारलं ते छायाचित्र सगळ्यांना जसंच्या तसं बघता येत होतं. तुमचा डाग मात्र बहुतेक वेळा फक्त तुमच्या संगणकावर किंवा डीएनए तपासण्याच्या तुमच्या जेलवर असतो. तो दुसऱ्याला दिसेल असं करणं हेच खरं काम.

पहिली पायरी: प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

संकल्पना कळत नाही, साधन चालत नाही, प्रयोगाची आखणी बरोबर आहे का, निकालाचा अर्थ काय, हा जीव किंवा हे खनिज कोणतं: हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची घरंही वेगळी आहेत. संख्याशास्त्राच्या संकल्पनेसाठी ‘क्रॉस व्हॅलिडेटेड’ आहे, पण त्याच विश्लेषणाच्या कोडमधला कंस चुकला असेल तर ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर जावं लागतं. गणितात २००९ पासूनचं ‘मॅथओव्हरफ्लो’ संशोधनाच्या पातळीचं आहे. पदवीच्या अभ्यासक्रमातला प्रश्न तिथे टाकलात तर तो बंद होईल आणि तसं करणाऱ्यांचं चुकलेलं नसेल. त्यासाठी ‘मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंज’ आहे. (स्टॅक एक्स्चेंज हे अशा प्रश्नोत्तरांच्या साइट्सचं जाळं आहे.) जैवमाहितीशास्त्राला ‘बायोस्टार्स’, बायोकंडक्टर या जीनोम-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअर संग्रहातल्या पॅकेजना त्यांचं स्वतःचं सपोर्ट पान, सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांना ‘इमेज डॉट एससी’, झाडं-किडे-पक्षी यांना ‘आयनॅचरलिस्ट’. एखाद्या सॉफ्टवेअरमध्येच दोष आहे अशी खात्री असेल तर त्याच्या गिटहबवरच्या (कोड ठेवण्याच्या साइटवरच्या) इश्यूजमध्ये, म्हणजे दोषांच्या यादीत, नोंद करायची. पण ‘हे कसं वापरायचं’ असा प्रश्न तिथे टाकायचा नाही.

जागा ठरली की तिथले नियम आणि अलीकडचे चार-पाच गाजलेले प्रश्न वाचा. दुसरं जास्त उपयोगी. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या स्टॅक एक्स्चेंजवर गृहपाठासारखे प्रश्न फक्त स्वतःचा प्रयत्न किंवा नेमकी वैचारिक अडचण दाखवली तरच टिकतात, हे तिथले बंद झालेले प्रश्न पाहिले की लगेच कळतं.

दुसरी पायरी: आधी शोधा, आणि शोधल्याचं लिहा

एरर शोधताना तिच्यातून आपल्या फोल्डरचा पत्ता, फाइलचं नाव, नमुन्याचा क्रमांक काढून टाका आणि उरलेला स्थिर भाग अवतरणचिन्हांत घालून शोधा. नाहीतर ‘अंतिम-डेटा-नवा-२’ या फाइलबद्दल जगात कुणीच काही लिहिलेलं नाही, एवढंच कळेल. जवळचं उत्तर सापडलं पण लागू पडलं नाही, तर प्रश्नात त्याचा दुवा द्या आणि का लागू पडलं नाही ते एका वाक्यात लिहा. ‘हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे’ असा शेरा मारून प्रश्न बंद होण्यापासून हे एक वाक्य पुष्कळदा वाचवतं.

चॅटबॉटला आधी विचारलं असेल तर लपवू नका. त्याने सुचवलेलं स्वतः करून पाहिलं का आणि काय झालं, तेवढं सांगा. त्याचं लांबलचक उत्तर चिकटवून ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारणं म्हणजे अनोळखी माणसाला फुकट मुद्रितशोधनाला बसवणं. स्टॅक ओव्हरफ्लोने तर डिसेंबर २०२२ मध्येच यंत्राने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी घातली.

तिसरी पायरी: मूळ हेतू सांगा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. आपल्याला ‘क’ साधायचं असतं. त्यासाठी ‘ख’ करावं लागेल असं आपणच ठरवतो, ‘ख’ जमत नाही, आणि मग आपण फक्त ‘ख’बद्दल विचारतो. उत्तरं येतात, ती बरोबरही असतात, पण ‘क’ तसंच राहतं.

एक नेहमीचं उदाहरण. कुणीतरी विचारतं: ‘लॉग (लॉगॅरिदम) घेताना शून्यं आडवी येतात, ती डेटामधून कशी काढू?’ काढायची आज्ञा एका ओळीत सांगता येते. पण पहिल्याच चांगल्या प्रतिप्रश्नातून असं बाहेर येतं की हे दोन प्रकारच्या भूखंडांवर मोजलेल्या कीटकांचे आकडे आहेत आणि दोन्हींतला फरक तपासायचा आहे. म्हणजे ती शून्यं ही मोजणीच आहे: तिथे कीटक नव्हते. ती काढली तर निष्कर्षच बदलेल. इथे लॉग न घेता पॉयसाँ किंवा निगेटिव्ह बायनॉमियलसारखं, मोजलेल्या संख्यांसाठीचं मॉडेल लागतं. प्रश्नाच्या सुरुवातीला ‘दोन प्रकारच्या भूखंडांवरच्या कीटकांच्या संख्येची तुलना करायची आहे’ एवढं लिहिलं असतं, तर पहिलंच उत्तर इथे पोचलं असतं.

संख्याशास्त्राच्या प्रश्नांत आणखी एक प्रतिप्रश्न हमखास येतो: एन, म्हणजे नमुन्याचा आकार, किती? आणि तो आकडा कशाचा? तीन उंदरांच्या प्रत्येकी शंभर पेशी मोजल्या तर तीनशे आकडे हाती येतात. पण औषध उंदराला दिलं असेल तर स्वतंत्र एकक उंदीर आहे, पेशी नव्हे. तीनशे धरून काढलेलं पी-मूल्य (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) दिसायला देखणं आणि वापरायला निरुपयोगी. म्हणून ‘आमच्याकडे ३०० निरीक्षणं आहेत’ असं न लिहिता उपचार कशावर केला, मोजमाप कशाचं घेतलं, किती वेळा घेतलं आणि एकाच प्राण्यावर पुन्हा घेतलं का, हे लिहा. कोणती चाचणी लावू हा प्रश्न यानंतर येतो. पुष्कळदा तो विचारायची गरजच उरत नाही.

चौथी पायरी: अडचण लहान करा

कोडबद्दल विचारत असाल तर समोरच्याला तो कॉपी करून चालवता आला पाहिजे आणि तीच एरर दिसली पाहिजे. पाचशे ओळींची स्क्रिप्ट आणि दोन जीबीची फाइल कुणी उघडत नाही. प्रत बनवा, अर्धा कोड काढा. एरर राहिली तर उरलेल्यातला अर्धा काढा. गेली, तर दोष काढलेल्या भागात आहे. असं करत पाच-दहा ओळींवर या. याला तासभर लागेल, पण पुष्कळदा विचारायची वेळच येत नाही, कारण तेवढ्यात दोष सापडतो.

खरा डेटा द्यायची गरज नसते. आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा वापरत असाल तर आयरिस किंवा एमटीकार्स या तयार संचांवर तीच अडचण उभी राहते का ते पाहा. नाही राहिली, तर तुमच्याच डेटामधल्या पाच-सहा ओळी डीपुट फंक्शनमधून काढून मजकूर म्हणून चिकटवा. समोरच्याकडे स्तंभांच्या प्रकारांसकट तोच संच तयार होतो. यादृच्छिक आकडे वापरले असतील तर सीड (तेच आकडे पुन्हा मिळवून देणारा सुरुवातीचा आकडा) द्या. आरमधलं रीप्रेक्स हे पॅकेज तर तुमचा तुकडा कोऱ्या सेशनमध्ये चालवून कोड आणि आउटपुट एकत्र सजवून देतं. कोऱ्या सेशनमध्ये चाललं नाही, तर तुम्ही कुठलीतरी लायब्ररी किंवा व्हेरिएबल लिहायला विसरला आहात.

कोड आणि एरर नेहमी मजकूर म्हणून द्या. फोनने काढलेला स्क्रीनचा फोटो पाहून कुणी तुमच्यासाठी टाइप करत बसणार नाही. एरर पूर्ण द्या, फक्त शेवटची लाल ओळ नको. खरं कारण बहुधा वरच्या ओळींत असतं.

ओल्या प्रयोगशाळेच्या (रसायनं आणि नमुने हाताळण्याच्या) प्रश्नांना कोड नसतो, तिथे हीच जागा कंट्रोल (अपेक्षित निकाल आधीच ठाऊक असलेले तुलनेचे नमुने) घेतात. पीसीआरबद्दल (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीबद्दल) विचारताना पॉझिटिव्ह कंट्रोल आणि टेम्प्लेट (ज्याच्या प्रती काढायच्या तो डीएनए) न घातलेला कंट्रोल यांचं काय झालं हे लिहिलं नाही, तर पुढे बोलायला काहीच उरत नाही. टेम्प्लेट नसलेल्या नळीत अपेक्षित आकाराचा पट्टा आला तर रोख दूषिततेकडे. अगदी तळाशी, शंभर बेसपेअरच्या (डीएनएची लांबी मोजण्याच्या एककाच्या) खाली धूसर पट्टा आला तर प्रायमर (प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांना चिकटल्याची शंका. पॉझिटिव्ह कंट्रोलही कोरा असेल तर तुमच्या नमुन्याला दोष द्यायची वेळ अजून आलेली नाही.

पाचवी पायरी: व्हर्जन, बिल्ड, एकक

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणूनच सगळे तो गाळतात. आर ४.०.० मध्ये, २०२० साली, डेटा वाचताना मजकुराचा स्तंभ आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांचा स्तंभ) होणं बंद झालं. त्यामुळे जुनी स्क्रिप्ट जुन्या आणि नव्या व्हर्जनमध्ये वेगळी वागू शकते, आणि कधीकधी एरर न देताच. तुम्ही व्हर्जन सांगितलं नाही तर उत्तर देणारा स्वतःच्या संगणकावर कोड चालवतो आणि ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणून निघून जातो. आरमध्ये सेशन-इन्फो ही आज्ञा चालवून आलेलं सगळं प्रश्नाच्या शेवटी चिकटवा. पायथनमध्ये पायथनचं आणि संबंधित पॅकेजचं व्हर्जन द्या.

जीनोमच्या कामात तर हे न सांगता प्रश्नाला अर्थच राहत नाही. मानवी जीनोमची जीआरसीएच३७ ही आवृत्ती (बिल्ड) की जीआरसीएच३८? एकाच जनुकाचे दोन्हींतले पत्ते निराळे असतात. जीनोममधली स्थानं नोंदवणाऱ्या फाइलींपैकी बेड फाइलमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, व्हीसीएफ आणि जीएफएफमध्ये एकपासून. ‘माझं स्थान एका बेसने चुकतंय’ या तक्रारीमागे किती वेळा एवढंच असतं! रसायनाच्या प्रश्नात द्रावक, तापमान, सांद्रता आणि त्यांची एककं लिहा. ‘थोडं जास्त घातलं’ यातून कुणाला काही काढता येत नाही.

प्रतिमांबद्दल विचारताना मूळ फाइल द्या. जेपेग दाबताना पिक्सेलचे आकडे बदलतात आणि स्क्रीनशॉटमध्ये पिक्सेलचा खरा आकार, बिट डेप्थ, चॅनेल हे सगळं हरवतं. फ्लुरोसन्सची तीव्रता मोजण्याबद्दलचा प्रश्न जेपेगसह विचारलात तर पहिलं उत्तर ‘मूळ फाइल पाठवा’ हेच येणार. जेलचा फोटो लॅडरसकट (मापासाठीच्या, ज्ञात लांबीच्या पट्ट्यांसकट), कातरल्याशिवाय, प्रत्येक लेनमध्ये काय आहे ते लिहून. वनस्पती ओळखून हवी असेल तर फुलाचा एकच सुंदर फोटो पुरत नाही: पानाची खालची बाजू, पानं खोडाला कशी लागली आहेत ते, फूल बाजूने आणि मापासाठी शेजारी एखादी पट्टी. अळंबीसाठी छत्रीखालचे पापुद्रे आणि देठाचं बूड. (ऑनलाइन ओळखीच्या भरवशावर अळंबी कधीही खाऊ नये. यात सूट नाही.) आयनॅचरलिस्टवर नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ दर्जा मिळायला तारीख, ठिकाण, फोटो किंवा आवाज आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचं एकमत लागतं. तारीख-ठिकाण टाळलं तर चांगला फोटो असूनही नोंद अडकते.

सहावी पायरी: काय सांगायचं नाही ते ठरवा

रुग्णाचं नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असं नाही. वय, गाव, दुर्मीळ आजार आणि तपासणीची तारीख एकत्र आली की माणूस ओळखता येतो. प्रतिमांच्या फाइलमध्ये, विशेषतः डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या फाइल प्रकारात, रुग्णाची माहिती आतच दडलेली असते. असा डेटा टाकूच नका, त्याच्यासारखा वागणारा बनावट डेटा तयार करा. कोडमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरण्याची खासगी किल्ली) राहिली नाही ना, तेही पाहा. संकटग्रस्त प्रजातीचा नेमका पत्ता उघड करू नका. आयनॅचरलिस्ट अशा अनेक प्रजातींचं स्थान आपणहून धूसर करतं, पण तुम्ही फोटोखाली पायवाटेचं नाव लिहिलंत तर त्याचा काय उपयोग?

अप्रकाशित कामाबद्दल विचारण्याआधी मार्गदर्शकांशी आणि सहकाऱ्यांशी बोला. स्टॅक एक्स्चेंजवर टाकलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए (श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कुणालाही वापरू देणाऱ्या) परवान्याखाली जातो, तेव्हा नंतर ‘ते परत द्या’ म्हणता येत नाही. चांगली गोष्ट अशी की चौथ्या पायरीनुसार अडचण लहान केली असेल, तर प्रश्नात बहुधा गुपित असं काही उरतच नाही.

सातवी पायरी: लिहिणं

शीर्षक सगळ्यात शेवटी लिहा आणि त्यात विषय, साधन आणि लक्षण येऊ द्या. ‘पीसीआरमध्ये मदत हवी’ हे शीर्षक कुणी उघडत नाही. ‘जीसी प्रमाण ७२ टक्के असलेला ५५० बेसपेअरचा तुकडा पीसीआरमध्ये येत नाही, त्याच टेम्प्लेटवर दुसरी प्रायमर जोडी चालते’ हे वाचून ज्याला उत्तर माहीत आहे तो थांबतो. (जीसी प्रमाण म्हणजे डीएनएमधल्या जी आणि सी या घटकांचा वाटा.)

त्याच प्रश्नाचा मजकूर असा होऊ शकेल:

‘जीनोमिक डीएनएमधून ५५० बेसपेअरचा तुकडा क्लोनिंगसाठी वाढवायचा आहे. तुकड्याचं जीसी प्रमाण ७२ टक्के. प्रायमरचे वितळणांक ५८ आणि ६० अंश सेल्सिअस. २५ मायक्रोलिटर अभिक्रियेत ५० नॅनोग्रॅम टेम्प्लेट, ३० चक्रं, ॲनीलिंग ५५ अंशाला. अपेक्षित: ५५० ला एक पट्टा. प्रत्यक्ष: काहीच नाही. त्याच टेम्प्लेटवर दुसऱ्या जनुकाची जोडी व्यवस्थित चालते, टेम्प्लेट नसलेला कंट्रोल स्वच्छ आहे. ५२ ते ६२ अंश ग्रेडियंट करून पाहिला, फरक नाही. जेलचा फोटो, पॉलिमरेजचं नाव आणि प्रायमरचे क्रम खाली. जीसी प्रमाणामुळे असेल अशी शंका आहे. आधी काय बदलून पाहावं: डीएमएसओ, वेगळा बफर की डीनॅचरेशनचा वेळ?’

यात हेतू आहे, अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतला फरक आहे, काय करून झालं ते आहे आणि शेवटी एकच प्रश्न आहे. टेम्प्लेट खराब आहे का, दूषितता आहे का, तापमान बदललं का हे तीन प्रतिप्रश्न आधीच मिटले. उत्तर देणारा थेट डीएमएसओ या जास्त जीसीच्या तुकड्यांसाठी मिसळायच्या रसायनाच्या प्रमाणावर आणि त्यासोबत ॲनीलिंगचं तापमान किती उतरवायचं यावर येऊ शकतो.

‘आदरणीय सर’, ‘मी नवीन आहे, चुकलं तर माफ करा’, ‘माझं इंग्रजी चांगलं नाही’ या ओळी गाळा. स्टॅक एक्स्चेंजवर तर नमस्कार आणि आगाऊ धन्यवादही संपादक काढून टाकतात. त्यात उद्धटपणा नाही, तिथली रीतच तशी आहे. छोटी वाक्यं, आकडे आणि एकक यांना भाषेची अडचण फारशी येत नाही. ‘सर’ गाळायचं आणखी एक कारण: उत्तर देणारी व्यक्ती बाई असू शकते, किंवा तुमच्याहून लहान विद्यार्थीही.

पाठवल्यानंतर

पहिले काही तास जवळ राहा. झोपायच्या आधी प्रश्न टाकू नका. प्रतिप्रश्न आलाच तर उत्तर कमेंटमध्ये देऊन थांबू नका, मूळ प्रश्नात भर घाला. नंतर येणारा वाचक सगळ्या कमेंट वाचत नाही. एकच प्रश्न एकाच वेळी चार ठिकाणी टाकला की चार जण तेच काम करतात आणि कळल्यावर चौघेही चिडतात. एका जागी दोन-चार दिवसांत काही आलं नाही तर दुसरीकडे विचारा, दोन्हीकडे एकमेकांचे दुवे देऊन. स्टॅक एक्स्चेंजवर दोन दिवसांनंतर स्वतःच्या रेप्युटेशनमधून (साइटवर मिळवलेल्या गुणांमधून) बाउंटी, म्हणजे उत्तरासाठी बक्षीस, लावता येते. पण त्याआधी शीर्षक बदलून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

तुटक उत्तर आलं तर त्यातली माहिती घ्या आणि सूर सोडून द्या. खरोखर अपमानकारक असेल तर वाद न घालता फ्लॅग करा, म्हणजे व्यवस्थापकांच्या नजरेस आणा. ‘मॅन्युअल वाचा’ असं कुणी म्हटलं तर कोणतं प्रकरण, असं शांतपणे विचारायला हरकत नाही.

मिळालेलं उत्तर आधी स्वतः तपासा. जास्त मतं मिळालेलं उत्तर जुन्या व्हर्जनसाठीचं असू शकतं. चाललं तर ते स्वीकारल्याची खूण करा आणि नेमकं काय बदलल्यावर चाललं ते लिहा. स्वतःच तोडगा सापडला तर ‘सुटलं, धन्यवाद’ एवढंच लिहून गायब होऊ नका. दोन वर्षांनी त्याच एररवर अडकलेला कुणीतरी शोधत शोधत तिथे येतो आणि ती ओळ वाचून हात चोळत बसतो. तोडगा स्वतंत्र उत्तर म्हणून टाका, स्वतःच्या प्रश्नाला उत्तर देणं जवळपास सगळीकडे चालतं.

त्या उत्तराचा तुमच्या शोधनिबंधात खरोखर वाटा असेल तर संदर्भ द्या. स्टॅक एक्स्चेंजवर प्रत्येक उत्तराला स्वतःचा दुवा असतो. उत्तर नंतर बदलू शकतं, म्हणून दुव्यासोबत तुम्ही ते पाहिल्याची तारीख आणि लिहिणाऱ्याचं त्या जागेवरचं नावही नोंदवा. उत्तर नुसतं तंत्रापुरतं न राहता त्यातून सिद्धतेची एखादी पायरी किंवा विश्लेषणाची मूळ कल्पना आली असेल, तर त्या व्यक्तीला हस्तलिखित पाठवण्याआधी विचारा: आभारात नाव चालेल का, कोणत्या नावाने, की सहलेखक व्हायला आवडेल?